पिवळ्याच्या बाहेरचं हिरवं

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचं दार उघडलं आणि मिन-हुई ओरडलीच.

"दार! आधी दार लावा! रंग विटतील माझे!"

दार लागलं. अंधार पुन्हा जमला. उघडणारा मात्र आतच राहिला.

"सॉरी ताई... मला वाटलं, माझी वेळ झाली."

शेजारच्या प्रयोगशाळेतला नवा मुलगा — बो-यान. विद्यापीठात आपल्या आधी आलेल्या मुलीला ताई म्हणायची रीतच होती. पण सक्तीची लष्करी सेवा उरकून आलेला हा बो-यान तिच्याहून दोन महिन्यांनी मोठा होता. हे तिला कसं ठाऊक, ते जाऊ द्या.

"ताई म्हणू नकोस. आलाच आहेस, तर हे बघ."

तो वाकला. पडद्याचा उजेड त्याच्या गालावर हिरवा पसरला. मूळपेशींपासून तिने वर्षभर खपून घडवलेल्या पेशी काजव्यांसारख्या चमकत होत्या. हिरवं दिसतं तिथे इन्सुलिन. शुक्रवारी हे चित्र तिच्या मार्गदर्शक कुओ मॅडमना पसंत पडलं, की क्योटोतली दोन वर्षांची संशोधनाची जागा तिचीच.

"सुंदर..." तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "प्रतिपिंड कुठलं लावलंस?"

"इन्सुलिनला चिकटणारं. का?"

"नाही, म्हणजे... ते कच्च्या इन्सुलिनलाही चिकटतं ना?"

पेशी आधी एक लांबलचक कच्चा रेणू बनवते. त्याचा मधला तुकडा कापला गेला, की खरं इन्सुलिन उरतं. हिरवा रंग वाहणारं तिचं प्रतिपिंड ज्याला धरत होतं, तो भाग दोन्हींत होता. ठाऊक होतं तिला! आनंदाच्या भरात सोयीने विसरली होती, इतकंच.

"दुधात मिठाचा खडा टाकलास."

"तुमच्या या गोडखाऊ तैनानमध्ये कुणीतरी टाकायलाच हवा. तुम्ही लोक माशाच्या रश्श्यातही साखर घालता."

"कीलुंग बंदराच्या खारट माणसाने बोलू नये!"

पण हसू आलंच तिला. तोही हसला आणि हळूच म्हणाला, "आमच्याकडे फक्त कच्च्यालाच धरणारं प्रतिपिंड आहे. देऊ?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून काचपट्ट्या रंगवल्या. कच्च्याला लाल रंग; लाल-हिरवं एकावर एक आलं, की पिवळं दिसणार. थेंब सोडताना त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं... आणि दोघांनीही ते तिथेच राहू दिलं. टेबलावर कोहळ्याच्या थंड चहाचा पेला होता, त्यानेच आणलेला.

"सगळ्यांनाच आणतोस का असा चहा?" तिने मान वर न करता विचारलं.

"बाकीच्यांना उद्या आणणार आहे."

"नक्की?"

"उद्या विसरणार आहे."

संध्याकाळी पडद्यावर चित्र उमटलं. पिवळं... जिकडे तिकडे पिवळं. सगळा कच्चा माल. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बो-यानने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मूठभर पेशींत पिवळा गोळा मधोमध बसला होता आणि त्याच्या बाहेर, पार कडेपर्यंत, हिरवे कण विखुरले होते. अस्सल इन्सुलिन!

शुक्रवारी तिने दोन्ही चित्रं मांडली. कुओ मॅडमनी ती आळीपाळीने न्याहाळली.

"यंदा क्योटो नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एवढ्याच पेशी कशा पिकल्या, ते आधी शोधून काढ. आणि हे दुसरं चित्र आणायला धाडस लागतं, पोरी."

ती जिन्याकडून परत आली, तेव्हा व्हरांड्यात तो वाट बघत होता.

"क्योटो गेलं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "मिन-हुई, कालपासून मला एकच प्रश्न छळतोय. ते प्रतिपिंडाचं मी खरंच तुझ्या कामासाठी बोललो... की..."

"की काय?"

"की तू जाऊ नयेस म्हणून?"

तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. चेहरा मात्र तिने गंभीर ठेवला.

"तू कशासाठीही बोलला असशील. पेशींना काय त्याचं? पिवळं ते पिवळंच."

"तुला फार वाईट वाटलं?"

"वाटलं तर! आत्ताच जिन्यात रडून आले. तुला?"

"मलाही वाटायला हवं. मघापासून प्रयत्न करतोय..." तो तिच्याकडे बघत राहिला. "जमत नाहीये."

मिन-हुईने त्याचा हात धरला, चांगला घट्ट. कुओ मॅडम दार उघडून व्हरांड्यात आल्या, दोघांकडे पाहिलं आणि आल्या पावली आत गेल्या. दार मात्र त्यांनी अगदी आवाज न करता लावलं.