पंधरा नंबरचा दगड

"थांबा! थांबा! हॅल्व्हर काका, थांबा ना!"

सिग्ने दोन्ही हात हलवत ओरडली. करकचून ब्रेक लागला. चाळीस फुटी ट्रेलरचा मागचा बंपर एका भल्यामोठ्या दगडापासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबला. ट्रेलरचं नाक मात्र अजून रस्त्यातच होतं!

"अजून मागे घ्यायला हवा," वेंडेल म्हणाला.

"मागे दगड आहे, दिसत नाही? खाऊन टाकू का तो?" दहा वर्षांच्या ओटोने विचारलं.

"तुझ्या पोटाचा भरवसा नाही बाबा. खाशीलही!"

सिग्ने आणि ओटो ही बहीण-भावंडं दर ऑगस्टमध्ये बाबांबरोबर मिनेसोटातल्या या तळ्याकाठच्या कॅम्पवर यायची. तेरा वर्षांचा वेंडेल शेजारच्याच तंबूत असायचा. यंदा प्रथमच सिग्ने-ओटोची चुलत बहीण मारित येणार होती, म्हणून तिघंही सकाळपासून रस्त्यावर डोळे लावून बसली होती.

मारित अकरा वर्षांची. ती व्हीलचेअर वापरायची. तिच्या घरच्या ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे जोडलेल्या चाकांवरच्या घराला, खुर्चीसकट वर नेणारा पाळणा होता आणि आत खुर्ची वळेल एवढं मोठं न्हाणीघर. म्हणूनच तो एवढा लांबलचक होता. आणि म्हणूनच त्याला कुठल्याही कॅम्पवर जागा मिळत नसे. एक तर वळणं अरुंद, नाही तर झाडं आडवी, नाही तर जागाच आखूड. तिच्या बाबांनी, हॅल्व्हर काकांनी, अख्खा हिवाळा फोन करकरून ही पंधरा नंबरची जागा शोधली होती. खांबावर पाटीही होती: 'लांबी ४५ फूट'.

कॅम्पची देखभाल करणारे मिस्टर लुंडीन हातात कॉफीचा मग घेऊन आले. गोल पोट, गोल चेहरा, मातीने माखलेले गुडघे.

"बसत नाही ना? वाटलंच मला! हायवेवर खडीच्या खाणीपाशी मोकळं मैदान आहे. तिथे लावा."

"पण तिथून तळं किती लांब!" मारित म्हणाली. "आणि वीजही नसेल. मग माझा पाळणा कसा चालणार?"

"त्याला मी काय करू, बेटा? संध्याकाळपर्यंत बोटींच्या मैदानात थांबा हवं तर. बोटवाले परत आले की मात्र हलवावं लागेल हं."

सिग्नेने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. "पाटी जुनी असेल गं."

"पाटी जुनी होईल बाबा! फूट कसे जुने होतील?"

"जागा नाही तर नाही. आता उगाच हुज्जत नको घालूस!"

ट्रेलर मैदानात गेला. काका नकाशा उघडून बसले. आता दुसरा कॅम्प कुठे शोधायचा? मारित मात्र पंधरा नंबरच्या जागेतून हललीच नाही. ती दगडासमोर खुर्ची लावून बसली होती. ओटोला वाटलं, रडतेय. तो हळूच जवळ गेला.

"रडतेस?"

"छे! ओटो, हा दगड डोक्यावर उभा आहे."

"दगडाला डोकं असतं?"

"अरे, खाली वाकून बघ ना!"

ओटो पालथा पडला. दगडाच्या बुडाशी राखाडी-हिरव्या दगडफुलाचे पापुद्रे चिकटलेले होते. वरची बाजू मात्र साफ होती आणि तिच्या खाचांत वाळलेली माती होती!

"दगडफूल उन्हापावसात वाढतं," मारित म्हणाली. "मातीखाली नाही वाढत. म्हणजे हा दगड कुणीतरी उलथवून इथे आणलाय. आणि फार दिवस झाले नाहीत."

"मारित, तू ग्रेट आहेस!" सिग्ने ओरडली. चौदा, सोळा, सतरा, शेजारच्या सगळ्या लांब जागांच्या मागच्या हद्दीचे दगड त्यांनी पाहिले. सोळाचा तसाच. चौदाचा आणि सतराचाही तसाच! एकूण एक दगड उलटे!

"मग आधी हे कुठे होते?" वेंडेलने मागे पाहिलं. दगडांच्या पलीकडे हिरव्या जाळीचं उंच कुंपण होतं. त्यावर बोर्ड होता: 'नवी झाडं लावली आहेत. आत येऊ नये.' कुंपणापाशी ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल खुणा होत्या.

"आत येऊ नये म्हटलंय. आत बघू नये असं कुठे म्हटलंय?" असं म्हणत वेंडेलने जाळीची एक कड उचलली.

चौघांची आ वासलेली तोंडं बंदच होईनात!

आत छत्रीएवढी पानं पसरली होती. मनगटाएवढे जाड वेल जागांच्या पाठीमागे लांबवर गेले होते. सतरा नंबरच्या मागे फुलाफुलांच्या जुन्या चादरीखाली काहीतरी प्रचंड निवांत पहुडलं होतं. ओटोने सरपटत जाऊन चादरीचं टोक उचललं.

"भोपळा! माझ्या पलंगाएवढा भोपळा!"

"आणि ते बघा!" सिग्नेने बोट दाखवलं. वेलांखाली चार मोठे खड्डे होते. दगडांचे जुने खड्डे! "म्हणजे जागा तिथपर्यंत होती. कुणीतरी दगड पुढे ढकलून ही जमीन लाटली!"

वेंडेल धावत जाऊन कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आला. ट्रेलरच्या लांबीएवढी दोरी मोजून त्यांनी गाठ मारली आणि खड्ड्यापासून रस्त्याकडे ताणली. गाठ रस्त्याच्या बरीच अलीकडे आली. ट्रेलर बसत होता!

"चला, कॅम्पच्या शहरातल्या ऑफिसला फोन करू," वेंडेल म्हणाला.

"नको ना! ते लोक भोपळा उपटून टाकतील!" ओटो कळवळून म्हणाला. "त्याने काय केलंय बिचाऱ्याने?"

मारित हसली. "मातीने माखलेले गुडघे कुणाचे होते, आठवतंय? ओटो, तू फक्त एक प्रश्न विचारायचास. अगदी साधा चेहरा करून."

"माझा चेहरा साधाच आहे!"

बोटींच्या मैदानात मिस्टर लुंडीन काकांना खाणीचा रस्ता समजावत होते. बाबाही तिथेच होते. बोटी परतायला लागल्या होत्या. ओटो शिट्टी वाजवत आला.

"मिस्टर लुंडीन, हरणं भोपळा खातात का हो?"

"खातात की! का रे?"

"काही नाही, सहज. त्या जाळीची एक बाजू उघडी दिसली, म्हणून विचारलं."

मिस्टर लुंडीनच्या हातून कॉफीचा मग खाली पडला. "माझी बर्था!" असं किंचाळून ते असे पळत सुटले, की त्यांचं पोटच त्यांच्या पुढे धावत होतं! सगळी मंडळी त्यांच्यामागे धावली.

जाळीच्या आत मिस्टर लुंडीन भोपळ्याला मिठी मारून बसले होते. सभोवती सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांचे कान लालेलाल झाले.

"नवी झाडं काय?" बाबांनी विचारलं.

"अहो, जत्रेतल्या स्पर्धेत दरवर्षी माझा मेहुणा जिंकतो, आणि वर्षभर मला चिडवतो," मिस्टर लुंडीन पुटपुटले. "एवढं ऊन दुसरीकडे कुठेच नाही इथे. म्हटलं, थोडीशी जागा घेतली तर कुणाचं काय बिघडणार? लांब ट्रेलर येतातच किती?"

"आम्ही आलो," मारित म्हणाली.

ती एवढंच म्हणाली. मिस्टर लुंडीननी तिच्याकडे पाहिलं, मग दूर मैदानातल्या त्या लांबलचक ट्रेलरकडे पाहिलं. भोपळ्यावरचा त्यांचा हात आपोआप खाली आला.

"चुकलं माझं, पोरी. फार चुकलं. उपटतो मी वेल. आत्ता."

"उपटू नका!" चौघं एकदम ओरडली.

"वेल वळतात की!" सिग्ने म्हणाली. "आम्ही उचलून धरतो. बर्था बसलीय सतराच्या मागे. बाकीचे दगड तेवढे जागच्या जागी न्या. पण ऑफिसला फोन तुम्हीच करायचा!"

मिस्टर लुंडीननी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी रागावत होतं. "हो साहेब... चूक झाली, साहेब..." शेवटी ते घाम पुसत म्हणाले, "जत्रेपर्यंत सतरा नंबर बर्थाचा. भाडं मात्र मी भरायचं. आणि पुढल्या वर्षी लाकडाच्या वखारीमागे लावायचा!"

मग काय, नुसती धमाल! जाळी काढून सतराच्या मागे सरकवली. ट्रॅक्टर घरघरला. बाबा, काका, सिग्ने आणि वेंडेल खांद्यावर वेल घेऊन अजगर वाहिल्यासारखे चालू लागले. सर्वांत पुढे मारितच्या मांडीवर वेलाचा शेंडा होता आणि ती सगळ्यांना बजावत होती, "हळू! वाकवू नका! ओटो, पानावर पाय देऊ नकोस!" दगड एकेक करून आपापल्या खड्ड्यांत जाऊन बसले.

काकांनी ट्रेलर मागे घेतला. सगळे श्वास रोखून बघत होते. मागे, अजून मागे, आणि बसला! नाकासकट अख्खा! तंबूवाल्यांनीही टाळ्या पिटल्या.

काकांनी गाडीचं इंजिन बंद केलं. मग खाली उतरून म्हणाले, "अख्खा हिवाळा मी जागा शोधली. आणि जागा होती या दगडामागे! मी दगड पाहिला आणि मागे फिरलो. तुम्ही पोरांनी वाकून पाहिलंत. शाबास!"

"मी तर पाटीलाच दोष देऊन मोकळा झालो," बाबा म्हणाले. त्यांनी सिग्नेच्या केसांतून हात फिरवला. "यापुढे तू हुज्जत घालत जा. परवानगी आहे."

"लेखी देता का?"

"डोक्यावर बसू नकोस!"

मिस्टर लुंडीन ट्रेलरची वायर विजेच्या खांबाला जोडत होते. त्यांनी वळून विचारलं, "मारित, किती दिवस मुक्काम?"

"पूर्ण आठवडा!" मारितने खुर्ची वळवली. समोर तळं उन्हात लखलखत होतं, आणि धक्क्यापर्यंतचा उतार छान गुळगुळीत होता. "काय रे, बघत काय उभे राहिलात? शेवटी पोचेल तो भांडी घासेल!"

आणि बाकीचे भानावर येईपर्यंत ती निम्म्या उतारावर पोचलीही होती.