पावत्यांचा डबा कुणी नेला?

"ताई, डबा गेला!"

"कसला डबा? जेवणाचा?"

"पावत्यांचा! वर्षभराच्या सगळ्या पावत्या. आणि उद्या सुनावणी आहे!"

ताईने गाडीची किल्ली उचलली. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याने चाळिशी गाठली होती, फोटोग्राफर म्हणून चार लोकांत नाव कमावलं होतं, तरी घरात तो छोट्याच होता आणि छोट्याचा प्रत्येक घोळ शेवटी ताईच्याच गळ्यात पडायचा. ताई करसल्लागार होती. परक्यांच्या हिशोबातल्या चुका शोधायचे तिला पैसे मिळत. घरच्यांच्या चुका ती फुकट शोधायची.

या वेळी मात्र थट्टेची गोष्ट नव्हती. कपडे, प्रवास, मेकअप, मॉडेल्सचं मानधन असा वर्षभराचा सगळा खर्च करखात्याने अडवून ठेवला होता. पुरावे आणा, नाहीतर दंडासकट कर भरा. तेवढी रक्कम भरायची तर छोट्याला कॅमेरे विकावे लागले असते.

स्टुडिओ घराच्याच तळमजल्यावर होता. शेल्फवर डब्याच्या जागी धुळीत एक चौकोन उरला होता. बाजूच्या खिळ्याला रबरबँड अडकवलेले होते, लाल एकीकडे, पिवळे एकीकडे.

"हे कुठले?"

"गठ्ठ्यांचे. रविवारी तू एवढं तासलंस मला, म्हणून महिन्याप्रमाणे गठ्ठे बांधले होते."

तासलं होतं खरं. सगळे जेवायला बसलेले असताना तिने छोट्याच्या पाकिटातून अक्षरं उडून कोरी झालेली एक पावती काढून सगळ्यांसमोर नाचवली होती. "अक्षरं उडाली की पावती मेली! या कागदाने अधिकाऱ्याला काय वारा घालणार आहेस?" तेव्हा त्यांचे वडील, अण्णा, हातातला घास हातातच धरून ऐकत राहिले होते.

"चोर कोण ते मला माहीत आहे," छोट्या म्हणाला.

"कोण?"

"माझी मॉडेल. काल संध्याकाळी आली होती. म्हणाली, सर, माझ्या सह्यांच्या पावत्या सुनावणीत दाखवू नका. तिने ते उत्पन्न कुठे दाखवलेलंच नाही ना! मी नाही म्हटलं. दार आपटून गेली. आज सकाळी बघतो तर डबा गायब."

"आत कशी आली?"

"किल्ली आहे तिच्याकडे. लवकर येऊन तयार व्हायची, म्हणून मीच दिली होती."

"एवढ्यावरून चोर?"

छोट्याने नजर चुकवली. "मी तिच्या एजन्सीला फोनपण केला. त्यांनी तिचं उद्याचं काम काढून घेतलं. म्हणाले, नावच कमी करतो यादीतून."

ताईने कपाळाला हात लावला.

इतक्यात अण्णा चहा घेऊन आले. स्टीलचे मग, वाफाळता चहा. टेबलाखाली पार्किंगची एक पावती पडली होती. ती ताईने उचलून टेबलावर ठेवली आणि हात भाजायला लागला तसा मग तिच्यावरच टेकवला.

"अण्णा, रात्री काही आवाज आला?"

"मला या वयात कसले आवाज येतात."

"ती मुलगी परत आली असेल का?"

अण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही. छोट्याने हो धरलं.

ताई वर जाऊन घर बघून आली. बघण्यासारखं बरंच होतं. अण्णा शाळेतले निवृत्त कारकून. वाढदिवसाला छोट्याने त्यांना लॅमिनेशनचं मशीन दिलं होतं आणि तेव्हापासून घरातला एकही कागद मोकळा श्वास घेत नव्हता. औषधांचं वेळापत्रक प्लास्टिकमध्ये, प्लंबरचा नंबर प्लास्टिकमध्ये, 'नळ घट्ट बंद करा' हा बाथरूमच्या दारावरचा हुकूमसुद्धा प्लास्टिकमध्ये. अण्णांच्या टेबलावर मशीन होतं आणि शेजारी प्लास्टिकच्या पाकिटांचा खोका, रिकामा. हा खोका रविवारी ताईनेच आणून दिला होता.

"अण्णा, संपली सगळी?" तिने खाली येऊन विचारलं.

"संपली. जुनेपाने कागद होते."

ताईने मॉडेलला बोलावून घेतलं. ती आली ती दारातच उभी राहिली. खांद्यावरची बॅग तिने खाली ठेवली नाही.

"काल तू डब्याला हात लावलास?" ताईने विचारलं.

"नाही."

"पावत्या दाखवू नका, असं म्हणालीस?"

"म्हणाले. मी कधी कर भरलेला नाही, घाबरले. ती माझी चूक आहे. पण मी चोर नाही हो."

"मग चिडून का गेलीस?"

"सरांना म्हटलं, आता काय करायचं ते तरी सांगा. सर म्हणाले, तुझं तू बघ." ती छोट्याकडे वळली. "एजन्सीत आता मला कोण उभं करणार? घरभाडं कशातून भरू मी?"

छोट्या जमिनीकडे बघत होता. अण्णाही. ताईने सवयीने मग उचलला आणि तो तोंडाला न लावताच तशीच थांबली.

पार्किंगच्या पावतीवर काळंभोर वर्तुळ उमटलं होतं.

उत्तर सापडलं होतं आणि ते तिला नको होतं.

"छोट्या, चोर काय करतो? डबा काखोटीला मारतो आणि पळतो," ती म्हणाली. "इथे कुणीतरी निवांत बसून रबरबँड सोडवलेत आणि रंगाप्रमाणे लावून ठेवलेत. या घरात इतकं टापटीप माणूस कोण आहे? तू तर नक्कीच नाहीस."

छोट्याने मान वर केली.

"वर खोकाभर पाकिटं संपली आहेत. पण घरात नवं असं काहीच प्लास्टिकमध्ये दिसत नाही. मग एवढ्या पाकिटांत गेलं काय? आणि हे बघ." तिने पावती पुढे केली. "दुकानातल्या पावत्या शाईने छापतच नाहीत. त्या कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो. चहाच्या मगाने एवढं होतं, तर लॅमिनेशनच्या तापलेल्या मशीनने काय होईल?"

ताई अण्णांकडे वळली.

"अण्णा, डबा कुठे ठेवलात?"

अण्णा उठले. जिना चढून गेले आणि डबा छातीशी धरून खाली आले. आत प्लास्टिकमधले कागद होते, महिन्याप्रमाणे लावलेले आणि काळेकुट्ट. मधूनमधून तेवढे काही पांढरे राहिले होते. पेनाने लिहिलेल्या मानधनाच्या पावत्या, खाली मॉडेलची निळी सही. चोरीला गेल्या म्हणून जिच्यावर आळ आला, नेमक्या तिच्याच सह्या शाबूत होत्या.

"तू म्हणालीस, अक्षरं उडाली की पावती मेली," अण्णा ताईला म्हणाले. "म्हटलं, कायमच्या जपून ठेवू, छोट्याला आनंद होईल. आधी सगळ्या पाकिटांत भरल्या, मग एकामागून एक घालत गेलो. मशीनच्या मागे पडत होत्या. शेवटची झाल्यावर उचलायला गेलो, तर हे."

"मग सांगितलं का नाही?" छोट्या ओरडला. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"सांगणारच होतो. पण सकाळी तू आलास तो हिचंच नाव घेत." अण्णा थांबले. "मला बरं वाटलं."

ताईला वडिलांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जेवणाच्या टेबलावर जीभ चालवली होती तिने. कागद जपायचे कसे, ते कुठे सांगितलं होतं?

"उद्या मुदत मागून घेऊ," ती पुटपुटली. "कार्डाचे खर्च बँकेत सापडतील. दुकानांकडून नकला मागवू. कॅमेरे वाचतील बहुतेक. आणि तुझंही विवरणपत्र मी भरून देते गं, फी नको."

मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, आज ताईंनी ओळखलं नसतं, तर सांगितलं असतंत?"

थाप मारणं सोपं होतं, सगळ्यांनी ती चालवूनही घेतली असती.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले.

मुलीचे डोळे भरून आले, पण तिने पुसले नाहीत. तिने बॅगेतून फोन काढला, एजन्सीचा नंबर लावला आणि फोन अण्णांच्या हातात दिला.

"स्पीकरवर ठेवा," ती म्हणाली.