फडक्यांचा निळा टप

“दार धरा, दार! पटकन!”

झाम्फिरा दचकली. बेकरीच्या पायरीवर ती चांगली पाच मिनिटं उभी होती. हातात रोजगार योजनेचं पत्र, तोंडपाठ केलेलं एक वाक्य... आणि पाय मात्र आत जायला तयार नव्हते. तेवढ्यात अंगणापलीकडच्या भट्टीकडून हा उंच माणूस आला. दोन्ही हातांवर कोव्रिगच्या गोल गोल पावांचे ट्रे, पापण्यांवर पीठ. तिने दार धरलं. वरचा ट्रे घसरायला लागला, तसा दुसरा हात त्याच्याखाली दिला.

“वा!” तो हसला. “तुम्ही नसतात, तर आज कबुतरांची चंगळ होती.”

तुम्ही... तेवढा एक शब्द झाम्फिराला दिवसभर पुरला. या गावात रोमा बाईला, लोकांच्या तोंडच्या ‘जिप्सी’ला, कुणी तुम्ही म्हणत नाही. शाळेतलं पोरसुद्धा ‘ए’ म्हणून हाक मारतं. याने तिचा घेरदार झगा पाहिला, डोक्याचा फुलाफुलांचा रुमाल पाहिला, आणि तरीही तो तुम्ही म्हणाला.

गल्ल्यावरच्या सिल्वियाबाईंनी मात्र मान वर न करताच सांगितलं, “इथे काही मिळायचं नाही. पुढे जा.”

“मागायला नाही आले.” झाम्फिराने पत्र पुढे केलं. “कामाला आलेय.”

योजना नगरपालिकेची होती. दुकानदारांनी नदीकाठच्या वस्तीतल्या बायकांना तीन महिने कामावर घ्यायचं, काम जमलं तर कायम करायचं. त्याआधीचा झाम्फिराचा अनुभव वेगळाच होता. फोनवर विचारलं की जागा असायची. ती दारात जाऊन उभी राहिली की जागा भरलेली असायची. म्हणून तर आग्लायाबाईंनी तिला आदल्या दिवशी समोर बसवून बजावलं होतं. योजना वस्तीत आणली ती त्यांनीच, आणि त्या स्वतःही रोमा.

“पोरी, तुझ्यामागे आठ जणी रांगेत आहेत. तू टिकलीस तर त्यांना दार उघडेल. तुझ्या नावावर एक जरी डाग लागला, तर तो नऊ जणींना लागला समज.”

झाम्फिराने ते पदरात बांधून घेतल्यासारखं जपलं. पहाटेची बस चुकवली नाही, सिल्वियाबाईंचे टोमणे ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि आठवड्याभरात पीठ मळण्यात अशी रमली की ट्रेवाला उंच माणूस शेजारी येऊन उभा राहू लागला. लेवेंते त्याचं नाव. भट्टीचा मुख्य कारागीर.

“तुमच्या हातांचं पीठ ऐकतं,” तो एकदा म्हणाला.

“पीठच ऐकतं बिचारं. बाकी कोण ऐकतंय?”

“मी ऐकतोय की.”

“तुम्ही भट्टीकडे बघा. करपेल.”

“काय करपेल?”

ती पीठ जोरात मळू लागली. पण कान तापले, आणि नेमकी त्याच वेळी रुमालातून एक बट खाली आली. हाताला पीठ लागलेलं, बट मागे सारायची कशी? त्याने आपला हात उचलला... आणि मधेच थांबवला. तसाच खाली घेतला. त्या थांबलेल्या हातावर झाम्फिराचा जीव जडला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

घरी आईच्या, रफिराबाईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. वस्तीच्या मानाने झाम्फिराचं लग्नाचं वय केव्हाच उलटलं होतं, त्यामुळे रफिराबाई एकीकडे हरखल्या आणि दुसरीकडे धास्तावल्या.

“तो नीट बोलतो म्हणून भुललीस का?” त्यांनी विचारलं. “आपल्याशी कुणी नीट बोललं की आपण लगेच ओशाळतो गं. आभार मान, हवं तर दहादा मान. पण आभारापोटी कुणाच्या घरात जाऊ नकोस.”

आवडतो म्हणून बरं वाटतं, की बरं वागतो म्हणून आवडतो... झाम्फिराचं तिलाच उलगडत नव्हतं.

आणि त्यात ती फडकी होती.

फुगायला ठेवलेल्या पिठावर बेकरीत जाड सुती फडकी घालत. काम संपलं की सिल्वियाबाई ती फडकी, सगळ्यांचे ॲप्रन आणि फरशी पुसायची पोतेरी एकदमच मशीनमध्ये कोंबत. पहिल्या दिवशी ते पाहून झाम्फिराने मान फिरवली. तिच्या घरात अन्नाला लागणारं फडकं निळ्या टपात धुतात. अंगावरच्या कपड्यांचा टप वेगळा, कमरेखालच्या कपड्यांचा त्याहून वेगळा. चुकून एकत्र पडलं तर आई ते फडकं सरळ फेकून देते. सोवळं म्हणा हवं तर, पण ते घरोघरी पाळलं जातं, आणि त्यात सूट नाही.

हे सांगणार कुणाला? ज्यांना घाणेरडी म्हणूनच सगळं गाव ओळखतं, त्यांच्यातली एक उठून सिल्वियाबाईंना स्वच्छता शिकवणार? त्या हसल्या असत्या, नाहीतर भडकल्या असत्या. तेव्हा झाम्फिराने गुपचूप मार्ग काढला. रोज संध्याकाळी मशीन लावायचं काम स्वतःकडे घ्यायचं, फडकी तेवढी पिशवीत घालून घरी न्यायची, निळ्या टपात धुवायची, नदीवरून येणाऱ्या वाऱ्यावर वाळवायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन कपाटात रचायची. पाच आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

“अलीकडे पीठ फडक्याला चिकटत नाही,” लेवेंते एकदा तिच्याकडे रोखून बघत म्हणाला. “काहीतरी जादू आहे.”

“जादूटोणा आमच्या नावावर आधीच फार आहे. त्यात आणखी भर नको.”

तो हसला, पण विषय वाढवला नाही.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार उजाडला. अक्रोड घातलेल्या गोड कोझोनाक पावासाठी गावभर मागणी, सगळी फडकी लागणार, आणि बाहेर बोचरा, बर्फमिश्रित पाऊस. झाम्फिरा पिशवी घेऊन थांब्यावर उभी राहिली. बस आली. चालकाने तिच्याकडे पाहिलं, थांब्यावर दुसरं कुणी नाही हेही पाहिलं, आणि बस तशीच पुढे दामटली.

दुसरी बस तासाने होती. तिने अंगावरची शाल काढली, पिशवीभोवती गुंडाळली, पिशवी कोटाच्या आत छातीशी धरली आणि चालायला लागली. पाच किलोमीटर! वाटेत पायांचं काही वाटलं नाही. डोळ्यांपुढे सारखं रिकामं कपाट येत होतं, आणि त्या आठ जणी.

बेकरीच्या मागच्या दाराशी पोहोचली तेव्हा आतून सिल्वियाबाईंचा आवाज येत होता. “वीसच्या वीस फडकी गायब! आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही. आग्लायाबाई, तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतलंय. ही तुमची पोरगी. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते!”

झाम्फिराचा हात दारावरच थिजला.

“आणेल ती,” लेवेंते म्हणाला.

“आणेल म्हणजे? तुला माहीत होतं?”

“पाच आठवडे झाले. फडक्यांच्या कोपऱ्यांवर चिमट्याच्या खुणा असतात. आपल्या मशीनला चिमटे आहेत का? आणि त्यांना नदीच्या वाऱ्याचा वास येतो. ती घरी धुऊन आणते. का, ते मला माहीत नाही. पण आणते रोज.”

झाम्फिराने दार ढकललं. केसांतून, झग्यातून पाणी निथळत होतं, दात वाजत होते. तिने कोट उघडला, शाल सोडली आणि फडक्यांची चळत टेबलावर ठेवली. वीसच्या वीस, कोरडी आणि तिच्याच अंगाच्या उबेने कोमट.

“फरशीचं पोतेरं आणि पावाचं फडकं एका पाण्यात... मला बघवत नाही, बाई,” तिने सांगून टाकलं. “आमच्यात अन्नाचा टप वेगळा असतो. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही. न विचारता नेली, ही माझी चूक.”

सिल्वियाबाईंनी एक फडकं उचललं. उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं.

“आणि माझा ॲप्रन?” त्या गुरकावल्या. “तो नाही ना कधी नेलास?”

“त्याला वेगळा टप लागतो. माझ्याकडे टप कमी आहेत.”

आग्लायाबाईंना हसू आवरेना. सिल्वियाबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्या तसल्यातल्या नव्हेतच. “पीठ खोळंबलंय,” एवढंच म्हणाल्या. “आधी डोकं पूस.” पण ईस्टरनंतर बेकरीत दुसरं मशीन आलं, त्यावर ‘फक्त पिठाची फडकी’ अशी चिठ्ठी लागली, आणि अक्षर सिल्वियाबाईंचं होतं.

त्या दुपारी झाम्फिराने लेवेंतेला भट्टीशी गाठलं. “माहीत होतं, तर बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तुम्ही नेणं बंद केलं असतं.” त्याने नजर पिठाकडे वळवली. “मग रोज सकाळी फडक्यांना तुमच्या अंगणाचा वास कसा आला असता...”



मे महिन्यात झाम्फिरा कायम झाली. आग्लायाबाईंनी तिला वस्तीत सगळ्यांसमोर मिठी मारली, आणि रांगेतल्या आठांपैकी दोघींना त्याच आठवड्यात काम लागलं. झाम्फिराला मनोमन किती जणांना हात जोडावेसे वाटत होते! आग्लायाबाईंना, आईला, त्या निळ्या टपाला, अगदी सिल्वियाबाईंनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीचं दार उघडत होती, तोच मागून आवाज आला.

“दार धरा, दार!”

लेवेंतेच्या हातात ट्रे नव्हते. एकात एक घातलेले दोन कोरे टप होते, एक हिरवा, एक लाल. आणि चेहरा टपापेक्षा लाल.

“माझ्या घरी एकच टप आहे,” तो एका दमात म्हणाला. “सगळं त्यातच धुतो. तुमच्या आईंना कळलं, तर त्या मला अंगणातही उभं करणार नाहीत. म्हणून... दोन आणलेत. पुरतील का?”

“कशाला?”

“दोघांच्या घराला.”

दार हातात धरूनच झाम्फिरा उभी राहिली. आईचा प्रश्न आठवला, आणि नवल म्हणजे या वेळी त्याचं उत्तरही सोबतच आलं.

“एक सांगते,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणालात. त्या गुरुवारी मी दारात पोचायच्या आधीच माझ्या बाजूने बोललात. त्याचे आभार आहेत, जन्मभर राहतील. पण ते या हिरव्या टपात. आणि... तुम्ही हात उचलून मधेच थांबलात ना, माझ्या बटेपाशी? तेव्हापासून जे काही होतंय मला, ते या लाल टपात. दोन्ही एका पाण्यात घालायचं नाही. आमच्यात चालत नाही.”

“म्हणजे... हो?”

“म्हणजे आपल्या घराला दोन टप पुरायचे नाहीत.” झाम्फिरा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “जा, अजून दोन आण. आणि तोवर हे आत ठेव, लेवेंते. दार धरलंय मी.”