उलटा खंदक

आमच्या भुईगावच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे झाडांना पाणी देणारं लहान तळं. केळी, पानवेली, सगळं त्याच्यावरच वाढलं. आता माझ्या आग्नेलला तिथे घर हवं होतं. "बावखल भरू दे, आई, नाहीतर मी आचोळ्याला फ्लॅट बघतो," असं त्याने तोंडावर सांगितलं. एकुलता एक मुलगा. म्हटलं, भर.

त्याच आठवड्यात सुनेचा, ज्युलीचा, मावसभाऊ जेन्सन नकाशा घेऊन आला. कॉलेजात शिकवतो. मी चौथी शिकलेली, पण माणूस कशाला आलाय ते तो चपला काढेपर्यंत ओळखते.

त्याने नकाशा मेजावर पसरला. मराठ्यांनी वसईच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कुणा फिरंगी लष्करी माणसाने काढलेला. ही त्याची नक्कल. निळे ठिपके पाण्याचे, लाल रेघा खंदकांच्या.

"मावशी, सगळे खंदक किल्ल्याकडे जातात. हा एकच किल्ल्याकडून निघून उलटा इकडे येतो. तुमच्या बावखलाच्या रोखाने. आणि मध्येच थांबतो."

"वाट चुकला असेल. तुझ्यासारखा."

"थट्टा नाही. माती टाकायच्या आधी मला नीट बघू द्या."

"तुला बर्नार्डने पाठवलं ना?" शेजारच्या बर्नार्डशी आमचं बांधावरून वाकडं आहे.

जेन्सनचा चेहरा उतरला. नकाशा तसाच टाकून गेला.

माती आली. पहिली पाटी घरच्या मोठ्या मुलाने टाकायची, ही आमच्या घरची रीत. बूट खराब होतील म्हणून आग्नेल कुरकुरला, तरी मी पाटी त्याच्याच हातात दिली. माती पाण्यात पडली. आवाज झाला नाही.

दुपारी नकाशा उघडला तर लाल रेघ बावखलाच्या ठिपक्याला टेकलेली. जेन्सनने जाताना कागद बदलला असणार, दुसरं काय! रेघेच्या टोकाला टाचणी टोचून खूण केली, कागद सागवानी पेटीत अंथरला आणि कुलूप घातलं. चावी गळ्यातल्या क्रुसाबरोबर.

दुसऱ्या दिवशी रेघ टाचणीच्या पुढे गेली होती. नकाशात आमचं घर नाही, पण बावखलापासून ते कुठे येतं ते मला कळतं. रेघ ओटीपाशी होती. शाई ओली, आणि वास खाजणातल्या चिखलाचा.

"ज्युली, पेटी उघडलीस?"

"मम्मी, चावी तुमच्या गळ्यात. मी काय गळा कापून घेतली?"

तोंडाला तोंड देते, म्हणूनच मला आवडते. तरी मी तिचे हात धरून हुंगले. साबणाचा वास आला.

मग मात्र मी आग्नेलला म्हटलं, "काम बंद कर. आणि तुम्ही दोघं आचोळ्याला जा, भाड्याने का होईना. आजच."

"अगं, कालपर्यंत तूच तर..."

"मी सांगते म्हणून जा."

ज्या पोराला धरून ठेवायला मी तळं बुजवायला निघाले होते, त्याची भांडी मीच बांधून दिली. मनात म्हटलं, घर नाही झालं तर नाही. पोर तरी सुटलं.

रविवारी चर्चमधल्या मिसाहून येऊन पेटी उघडली.

रेघेने आमच्या घराला हात लावला नव्हता. ओटीला वळसा घालून, समुद्राकडे पाठ करून ती पूर्वेला वळली होती. शेतं, खाडी ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत. नालासोपारा, आग्नेलचं आचोळे, त्याच बाजूला.

मी कागद उचलला.

रेघ पेटीच्या लाकडावर उतरली होती.

फोन लावला. "आग्नेल, कुठे आहेस?"

"घरीच आहे, आई. आता फोन ठेव, वॉचमनला बोलवायचंय. जिन्यात कोणीतरी ओला चिखल केलाय. तिसऱ्या मजल्यापर्यंत, थेट आमच्या दारात."

"पावलं कुणाची आहेत?"

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला.

"पावलं नाहीत गं," तो म्हणाला. "नुसती रेघ आहे."