येतो म्हणू नये

माझ्या नवऱ्याला हृदयाचा झटका येऊन गेला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. तेल कमी करा, चालणं वाढवा. तेलाचं मी बघितलं. चालण्याचं मात्र अवघड होतं, कारण राजदीपना नुसतं चालायचा भारी कंटाळा. चामोर्शीच्या रस्त्यावर चार पावलं टाकली की कोणी तरी ओळखीचा भेटायचा आणि चालणं चहाच्या टपरीवर संपायचं. शेवटी मीच युक्ती काढली. माणूस लहानपणापासून जुन्या दगडांचा वेडा. म्हटलं, दर रविवारी एक जुनी जागा बघायची. गाडी लांब उभी करायची आणि उरलेलं पायी जायचं.

वर्षभर हे छान चाललं. मार्कंड्याची देवळं झाली, वैरागडचा किल्ला झाला, कुठल्या कुठल्या बांधावर पडलेले वीरगळ झाले. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे तुटक्या कमानीपुढे भाषण माझं, आणि धाप लागली की ‘थांब, हे नक्षीकाम बघू दे’ हे निमित्त त्यांचं. सुखाचे दिवस होते. ते तेव्हाही कळत होतं, म्हणून तर आता जास्त लागतं.

जानेवारीत आम्ही कोसंबगडीला गेलो. नाव मोठं, गढी लहान. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या ओलांडल्या की तलाव, तलावामागे जंगल, आणि जंगलातल्या टेकाडावर गोंडराजांच्या काळातले दोन बुरूज नि एक दरवाजा. वाघाचा वावर असल्यामुळे तिकडे एकटं-दुकटं कोणी जात नाही. तलावावर जाळं सुकवत बसलेले पत्रूभाऊ सोबत यायला तयार झाले. साठीचा काटक माणूस, मासे धरून पोट भरणारा, बोलणं मोजकंच.

अर्ध्या चढावर ते थांबले.

“एक सांगून ठेवतो बाई. वरून निंगताना ‘जातो’ म्हनाचं. ‘येतो’ नाई म्हनाचं.”

“काऊन?” राजदीपनी विचारलं.

“येतो म्हनलं का मंग याव लागते.”

मला हसू आलं. आमच्याकडे नेमकं उलटं. ‘जातो’ म्हटलं की सासूबाई चपलेसकट माणसाला परत घरात घ्यायच्या आणि ‘येतो’ म्हणायला लावूनच सोडायच्या. आजेसासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हापासून आमच्यात भूत-भानामती कोणी मानत नाही. देव सुटले, पण ‘येतो’ काही सुटलं नाही. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरूनसुद्धा राजदीप मला ‘येतो गं’ म्हणाले होते. आणि आलेही होते.

दरवाजाशी पोचलो तेव्हा साडेअकरा-बारा झाले असतील. ऊन चांगलं लख्ख होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर कोणी म्हणेल अंधारात भास झाला. वाटभर पाखरं ओरडत होती, टेकाडावर मात्र एकाचाही आवाज नव्हता. दरवाजाच्या उजव्या हाताला देवडी होती, म्हणजे पहारेकऱ्यांची दगडी खोली. दार पडलेलं, खिडकी नाही. आत काळोख होता आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. आज सकाळीच कोणी भिंत सारवावी तसा ताजा वास. जमिनीवर एक पान नव्हतं. बाहेर सागाच्या पानांचा घोटाभर थर, आणि आत स्वच्छ झाडलेलं.

“इथं कोण झाडतं?” मी विचारलं.

“कोनीच नाई,” पत्रूभाऊ म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

राजदीपनी बुरूज पाहिला, फोटो काढले, दगडावर बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. मग आम्ही निघालो. पत्रूभाऊंनी देवडीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, “जातो जी!” मीही म्हटलं, “जाते.” तोंडात कसंसंच झालं. राजदीप मागे राहिले होते. मोबाइल खिशात टाकत, चौकटीच्या दगडावर हात थोपटत, सोयऱ्याच्या घरून निघावं तसे म्हणाले, “बरं... येतो.”

“या,” आतून आवाज आला.

एवढंच. बाईचा नाही, पुरुषाचा नाही. आपण दारातून पाहुण्याला म्हणतो तसं साधं, अगत्याचं ‘या’. आम्ही तिघांनीही ते ऐकलं.

पत्रूभाऊ पळाले नाहीत. फक्त भराभर उतरू लागले, आणि आम्ही त्यांच्या मागे. तलाव दिसला तेव्हा कुठे ते बोलले.

“भाऊ, दिवस सांगतला काय?”

“कसला दिवस? तोंडून निघालं जी, सवयीनं,” राजदीप म्हणाले. ते हसायचा प्रयत्न करत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

“मंग थो देवडीतला इचारन. कवा येता म्हनून. कोनाच्या बी तोंडून इचारन. दिवस नोका सांगू... मरेपर्यंत नोका सांगू.”

“आणि सांगितला तर?” मी विचारलं.

“आमच्या गावात झाडू नावाचा मानूस आहे, थ्यानं सांगतला होता. बुधवार म्हनला.”

“मग बुधवारी काय झालं?”

“काई नाई. बुधवारी थो घरीच होता.” पत्रूभाऊंनी जाळं खांद्यावर टाकलं. “घरीच आहे अजून. बायको तेवढी माहेरी गेली, ते आलीच नाई.”

मला ते कळलं नाही. घरीच होता म्हणजे सुटला, असा अर्थ मी घेतला.

‘कधी येता?’ हा प्रश्न माणसाला दिवसातून किती वेळा विचारतात, ते तुम्ही एकदा मोजून बघा. चुलतभाऊ लग्नाचं बोलावणं देताना विचारतो. शिंपी विचारतो. राजदीप कृषी कार्यालयात आहेत, तिथे बांधावर बोलावणारा प्रत्येक शेतकरी हेच विचारतो. आधी ते थट्टा करायचे, “काऊन घाबरून राह्यली? लोकाइले काय उत्तर देऊ, मुहूर्त काढून सांगतो म्हणू?” पण हळूहळू त्यांनीही दिवस सांगणं सोडलं. ‘पाहतो’, ‘कळवतो’, एवढंच. एकदा भरदुपारी अंगणातून कोणी तरी विचारलं, “कवा येता?” ते जेवत होते. घास हातात तसाच राहिला. मी बाहेर जाऊन पाहिलं तर फाटकाला कडी होती आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “नूतन... मले एकट्याले घरी नोको ठेवत जाऊ.” मी त्यांना पोटाशी धरलं. 

आणि एवढं जपूनही दिवस सांगितला कोणी? मी.

फेब्रुवारीतला बुधवार होता. मी कणीक मळत होते, हात भरलेले. ओट्यावरचा मोबाइल वाजला, कोपरानंच उचलला. “मॅडम, दवाखान्यातून बोलतो. सर तपासणीले कधी येतात?” नागपूरचे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी गडचिरोलीला येतात, तपासणीची तारीख जवळ आलीच होती. मी म्हटलं, “या रविवारी येतात ते.”

“बरं,” तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, “या.”

तो आवाज मी ओळखला. मोबाइलमध्ये शोधलं तर सकाळपासून एकही फोन आल्याची नोंद नव्हती. दवाखान्यात विचारलं, त्यांनी फोन केला नव्हता. मी राजदीपना काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होते? चूक माझी होती, आणि त्यांचं हृदय आधीच टाके घातलेलं.

रविवारी मी दोन्ही दारांना कुलपं लावली, गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली. ते म्हणाले, “आज जेल केली काय घराची?” दुपारी जेवून ते आडवे झाले. मी शेजारी बसून त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. एक वाजला, दोन वाजले. डोळा कधी लागला कळलं नाही... पाच मिनिटं, फार तर दहा. जागी झाले ती चुन्याच्या वासानं. हात माझ्या हातातच होता. ते उठून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.

“काय झालं?” ते म्हणाले. “अशी काऊन पाहून राह्यली?”

कुलपं जशीच्या तशी होती. मी रडले, हसले, संध्याकाळी खीर केली. वाटलं, जिंकले.

त्यानंतर त्यांची तब्येत सुधारत गेली. दोन जिने एका दमात चढायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी हृदयाचा कागद दोनदा बघितला आणि विचारलं, “हा यांचाच आहे ना?” मला आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला होता. मग एका रविवारी मी म्हटलं, चला, कुठे तरी जुनं देऊळ बघायला जाऊ. ते म्हणाले, “दगड काय पाहाचे?” आणि टीव्ही लावला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आज आठवडी बाजार होता. मासळीच्या ओळीत पत्रूभाऊ दिसले. मला पाहिलं तसे ते टोपली सोडून उठले.

“बाई, भाऊले घेऊन जा जी घरी. दोन महिने झाले, देवडीत बसून राह्यते. मी भात नेऊन ठेवतो, खात नाई.”

“कोणाबद्दल बोलता तुम्ही?”

“आपले भाऊ. राजदीप भाऊ.”

“ते घरी आहेत,” मी म्हटलं.  “त्यांच्याच हातचा चहा पिऊन आले मी.”

पत्रूभाऊंनी मान खाली घातली. “झाडू बी घरीच आहे बाई,” ते हळूच म्हणाले.

भोवती बाजार चालला होता. कोणी तरी भावावरून हुज्जत घालत होतं. मला धरायला काहीच नव्हतं, म्हणून मी शेजारच्या दुकानाचा बांबू धरला.

“बोलतात काय... काही?”

“एकच गोष्ट इचारते थो मले. रोज. ‘नूतन कधी येते?’”

हा प्रश्न कोणाचा, ते मला माहीत नव्हतं. त्यांचा असेल. नाही तर त्या देवडीतल्या दुसऱ्या कोणाचा असेल. पण त्यांचा असेल तर? त्या गार काळोखात, एकटे, ‘एकट्याला ठेवू नकोस’ म्हणून ज्यानं मला सांगितलं होतं तो माणूस... आणि मीच तिथे पाठवलेलं. मी फार विचार केला नाही.

“उद्या,” मी म्हटलं.

घरी आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मी कोणाला काही बोलले नव्हते. तरी दारात माझे चालायचे बूट पुसून, नाड्या सैल करून ठेवलेले होते. फक्त माझे. ते स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते.

“लवकर झोप आज,” न वळता म्हणाले. “सकाळी लवकर निंगाव लागन तुले.”

मी उंबऱ्यावरूनच विचारलं, “तुम्ही... तुम्ही नाही येत?”

ते वळले आणि हसले. हसणं अगदी राजदीपचंच होतं.

“मी तं आलो ना,” ते म्हणाले.