प्रकाशपाठ

मिरजेच्या त्वचासंशोधन केंद्रात सुमेधा घोरपडे खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांच्या डाव्या गालावरचा तपकिरी डाग कानापासून हनुवटीपर्यंत पसरलेला होता. जन्मापासूनचा. साधा लेसर दोनदा करून झाला होता. डाग फिका पडायचा आणि परत यायचा.

"मी वकील आहे," त्या म्हणाल्या. "साक्षीदार माझा प्रश्न ऐकतच नाही, गाल बघत बसतो. मला त्याचं लक्ष प्रश्नावर हवंय."

डॉ. शर्वरी पाटणकर हसल्या. "आम्ही अख्खा डाग जाळत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर लेसरचा जोरदार झोत मारतो. तिथल्या पेशी फुटतात. रक्तातल्या प्रतिकारपेशी ते तुकडे ओळखून ठेवतात आणि शिकतात, की असल्या पेशी शत्रूच्या. मग उरलेला डाग शरीर स्वतःच साफ करतं. याला आम्ही प्रकाशपाठ म्हणतो."

"आणि धडा उलटा शिकवला गेला तर?"

उत्तर दिलं ते यंत्र बनवणाऱ्या डॉ. इरफान मुजावरांनी. "प्रकाश मंद असला, तर पेशी न फुटता शांतपणे मरते. मग शरीर शिकतं, की ही आपलीच. तसं झालं तर डाग हलणार नाही, एवढंच."

झोत पडला. तीन आठवड्यांत डाग नखाएवढा उरला. सुमेधा खूश होत्या. फक्त भूक मेली होती. नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे चौपट आले, म्हणून सुईनं यकृताचा बारीक तुकडाही तपासायला घेतला.

मुजावरांनी डागाचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला आणि ते शर्वरींच्या खोलीत आले.

"मॅडम, या पेशी सुमेधाबाईंच्या नाहीत. जनुकं दुसऱ्या व्यक्तीची आहेत. सख्ख्या बहिणीची म्हणता येतील अशी."

सुमेधांना बोलावलं. सोबत त्यांच्या आई, इंदुताई, आल्या होत्या. शर्वरींनी त्यांनाच विचारलं, "काकू, हिच्या वेळी सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं होतं?"

इंदुताई म्हणाल्या, "पहिल्यांदा दोन बाळं दिसली होती. पुढच्या खेपेला एकच. डॉक्टर म्हणाले, दुसरं विरून गेलं."

"ती विरली नाही," मुजावर म्हणाले. "हिच्यात मिसळली. गालावर तिच्या पेशी होत्या. आणि सुईनं घेतलेला यकृताचा तुकडा सांगतो, की यकृताचाही मोठा भाग तिचाच आहे. आम्ही शरीराला शिकवलं, या पेशी शत्रूच्या. ते आता शिकवल्याप्रमाणे सगळीकडे शोधतंय."

सुमेधांनी हात मांडीवर घट्ट धरले होते. आवाज मात्र कोर्टातला होता. "उपाय?"

"प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं," शर्वरी म्हणाल्या. "पण ती जन्मभर घ्यावी लागतील. नाहीतर धडा उलटा फिरवायचा. मंद प्रकाशानं. त्यासाठी बहिणीच्या जिवंत पेशी लागतात, आणि प्रकाश पोचेल अशा ठिकाणी त्या एकाच जागी उरल्यात."

"किती दिवस टिकतील?"

"चार. फार तर पाच."

सुमेधांनी गालावर बोट ठेवलं. लहानपणी शाळेत जाताना त्या याच गालावर ओढणी घ्यायच्या. "मग वाचवा हा डाग," त्या म्हणाल्या. "आजच सुरू करा."

औषधांनी हल्ला थोडे दिवस थोपवून धरला. रोज सकाळी वीस मिनिटं मुजावर स्वतः यंत्रापाशी बसत. झोत इतका मंद, की गालाला ऊबही जाणवत नसे. सहाव्या दिवशी आकडे चढायचे थांबले. अकराव्या दिवशी उतरू लागले. महिन्याभरात औषधं बंद झाली, तरी यकृत शाबूत राहिलं. डाग हळूहळू कडेनं पसरू लागला, आणि सात-आठ महिन्यांत पुन्हा हनुवटीपर्यंत आला.

शेवटच्या तपासणीला दोघी मायलेकी आल्या होत्या. शर्वरींनी अहवाल पुढे सरकवला. सगळं ठीक होतं.

इंदुताईंनी विचारलं, "म्हणजे ती आहे अजून?"

"माणूस म्हणून नाही, काकू. पण तिच्या पेशी आहेत. रोज काम करताहेत."

इंदुताईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. कितीतरी वेळ.

"तिचं नावच ठेवलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

"मग आता ठेव," सुमेधा म्हणाल्या आणि काळा कोट हातावर घेऊन उठल्या. बारा वाजता उलटतपासणी होती.