चिंचेनं घासलेलं नाणं

या, अशा पुढे सरकून बसा. आरती झाली, बुवा चहा घेताहेत, प्रसादाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. बुवांच्या आख्यानात शेवटी देव धावून येतो, हिच्यात येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ऐका जिवाचा कान करून.

माधव नगरातले भय्यासाहेब बँकेतून निवृत्त झाले आणि जुन्या नाण्यांत शिरले. टावर चौकात रुचिरचं नाण्यांचं दुकान. तो परदेशातून रोमची नाणी मागवायचा, मातीसकट, ढिगाच्या भावानं. पिशवी उपडी केली तर कुणाला वाटावं, नदीकाठचे खडे आणलेत. त्यातलं कुठलं नाणं कुठल्या राजाचं आणि काय किमतीचं, हे ठरवायचं काम भय्यासाहेबांचं.

त्यांची रीत ठरलेली. नाणं गाळीव पाण्याच्या वाटीत भिजत घालायचं. पाणी गढुळलं की बदलायचं. मग भिंग लावून बांबूच्या काडीनं माती कणाकणानं उचलायची. घाई करायची नाही. तांब्यावर शतकांची हिरवी साय धरलेली असते आणि चेहरा त्या सायीतच उरलेला असतो. साय गेली की चेहरा गेला.

"नाणं झिजतं ते उंचवट्यांपासून," ते रुचिरला सांगायचे. "आधी नाक, मग गालाचं हाड, मग भुवई. म्हणून घिसंपिटं नाणं ओळखायचं तर चेहरा बघू नकोस. मान बघ, कान बघ, केसांची गाठ बघ."

चातुर्मासात त्यांच्या हाती एक राणी लागली. सरळ नाक, भक्कम हनुवटी, मागे केसांची गाठ आणि ओठ किंचित विलग, जणू बोलता बोलता थांबलेली. कडेची अक्षरं गेलेली. कुठल्याच पुस्तकात ती सापडेना. भय्यासाहेब रोज तिच्यासमोर बसू लागले. नाव सापडेपर्यंत किंमत सांगणार नाही म्हणाले.

त्यांची बायको अहल्या, बसक्या नाकाची, गोल गालांची. कीर्तनात बुवांच्या मागे झांजा धरायची. हौस दांडगी, पण झांज नेहमी अर्धी मात्रा मागे. बुवा हसून म्हणायचे, "अहल्याबाई येईपर्यंत देव थांबतो हो!" लेक मधुरा अंगावर पीत असताना तिनं आईची कुडी ओढली होती, तेव्हापासून उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली. ती चीर अहल्येनं कधी शिवून घेतली नाही. "लेकीची सही आहे ती," म्हणायची.

एकादशीच्या आदल्या दिवशी तिनं देवाची उपकरणी घासायला काढली. ताम्हन, पळी, पंचपात्री. खिडकीत वाटी होती, वाटीत काळपट तांबं. देवळातून आलेला जुना पैसा असेल करून तिनं तोही घेतला. चिंच लावली, रांगोळी लावली आणि चांगला चोळचोळून घासला.

"अहो, बघा कसा लख्ख निघाला!"

भय्यासाहेबांनी हातात घेतला. आरशासारखा. नाक नाही, ओठ नाहीत, काही नाही.

"अगं, राणी होती ती."

"राणी?" तिनं जीभ चावली. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "एवढी वर्षं मातीत लोळत होती बिचारी, झाली एकदाची आंघोळ! आता काय मला सुळावर देता का?"

ते हसले. अहल्येवर रागावणं त्यांना कधी जमलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात देवास गेटजवळच्या दुकानात सिमकार्ड घेताना तिचा अंगठा मशीनवर येईना. "माताजी, हाथ धो के आइए," दुकानदार म्हणाला. धुतले. आला नाही. घासूनघासून रेषा जातात बायकांच्या, असं सगळेच म्हणाले. मग फोन तिचा चेहरा बघून उघडायचा, तो उघडेना. फोन जुना झाला, म्हणाले.

मग एकदा कीर्तन सुरू व्हायच्या आधी शेजारच्या अलकाताई भय्यासाहेबांना म्हणाल्या, "आज वहिनी नाही आल्या?"

अहल्या भय्यासाहेबांच्या शेजारीच बसली होती. झांजा मांडीवर.

"काय बाई थट्टा करता," अहल्या हसली. अलकाताई हसल्या नाहीत. त्या गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर भय्यासाहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे भिंगाच्या नजरेनं पाहिलं. नाकाचा होता तेवढा उंचवटाही गेला होता. गालाचं हाड सपाट. भुवईची कड पुसट, बोट फिरवल्यासारखी. या सगळ्या खुणा त्यांना पाठ होत्या.

"असं काय बघता नाण्यासारखं?"

"काही नाही."

ती आरशापुढे गेली. बराच वेळ उभी राहिली.

"अहो," ती आरशातूनच म्हणाली, "मी दिसते ना तुम्हाला?"

"दिसतेस की."

"मग पुरे."

डॉक्टर झाले. त्वचेचे झाले, नसांचे झाले. रिपोर्ट चांगले आले. भय्यासाहेबांना एकच गोष्ट सुचली, आणि ती ते कुणाला सांगू शकले नाहीत. त्यांनी ते लख्ख नाणं तुळशीच्या कुंडीत खोल पुरलं. राणीचा चेहरा मातीनं नेलेला नव्हता, मातीनंच जपलेला होता. परत साय धरली तर कदाचित राणी परत येईल आणि अहल्येचं घेतलेलं सोडून देईल. अहल्या रोज सकाळी त्या तुळशीला पाणी घालायची. ते दारातून तिची मान बघायचे, केसांची गाठ बघायचे, आणि कानाची चीर दिसली की श्वास सोडायचे.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी कुंडी उकरली.

नाण्यावर हिरवी साय आली होती. इतक्या लवकर येत नाही ती. त्यांनी पाण्याखाली धरलं, काडीनं माती उचलली.

चेहरा होता.

बसकं नाक. गोल गाल. हसताना पडायची ती गालावरची घडी. आणि उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली.

"चहा घेता ना?"

मागे ती उभी होती. हातात कपबशी. साडी अहल्येची, आवाज अहल्येचा. नाक सरळ. हनुवटी भक्कम. ओठ किंचित विलग.

त्यांनी कान पाहिला. पाळी अखंड होती.

चहात साखर बरोबर होती.

संध्याकाळी पुण्याहून मधुराचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कसली तजेलदार दिसतेस गं!" भय्यासाहेबांनी भिंतीवरचा लग्नातला फोटो पाहिला. अंतरपाटापलीकडे तीच होती, सरळ नाकाची. अलकाताईंनी तिला लांबून हाक मारली, "वहिनी!" कुणी चुकलं नाही.

कीर्तनात तिची झांज आता बरोबर समेवर पडते. बुवा खूश आहेत.

रुचिर एकदा घरी आला. नाणं बघून म्हणाला, "ये कौनसी रानी है, भय्यासाहेब? अशी तर कधी पाहिली नाही. काय किंमत लावायची हिची?"

"विकायचं नाही."

"नाव तरी सांगा."

ते सांगणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ती बाहेर आली. ओल्या हाताला चिंचेचा कोळ लागलेला. हात पुढे करून गोडच म्हणाली, "ते द्या ना इकडे. देवाच्या भांड्यांबरोबर घासून ठेवते."

तेव्हापासून नाणं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. झोपतानाही. नामस्मरण करताना त्यांचा हात खिशात जातो, अंगठा त्या चेहऱ्यावर फिरत राहतो. कालच मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी हे सगळं सांगितलं आणि नाणं काढून मला दाखवलं. नाकाचा उंचवटा गेला आहे, गालाची घडी पुसट झाली आहे. त्यांच्याच अंगठ्यानं. कानाची चीर तेवढी अजून नखाला लागते.

म्हणून मागणं एवढंच. ती बघा, समोरून प्रसाद वाटत येते आहे. हात पुढे करा, तिला काही बोलू नका. पण मनात एकदा नाव घ्या. अहल्या. बसक्या नाकाची, चिरलेल्या कानाची, झांज अर्धी मात्रा मागे वाजवणारी अहल्या. तिला लक्षात ठेवा.